ट्युबाच्या एकलवादनाला रेकॉर्डेड साथ घेताय? या चुका टाळा

तबलजी समेवर तुमच्याकडे बघतो. श्वासाला जागा कमी पडली तर ठेका सांभाळून घेतो. ट्युबा या फुंकून वाजवायच्या मोठ्या पितळी वाद्याला दिलेली रेकॉर्डेड साथ, म्हणजे ट्रॅक, मात्र कुणासाठी थांबत नाही. म्हणून नवी रचना निवडताना आधी ट्रॅक ऐका, स्वरलिपी नंतर उघडा. बहुतेक जण उलटं करतात आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात अडकतात.

पहिली चूक म्हणजे साथीचा प्रकार न तपासणं. पियानोच्या जागी वाजणारा ट्रॅक वेगळा, संगीतकाराने स्वतः घडवलेला इलेक्ट्रॉनिक भाग वेगळा. तिसऱ्या प्रकारात ट्युबासमोर माईक असतो आणि लॅपटॉप तुमचाच आवाज तिथल्या तिथे बदलतो. त्याला ध्वनी सांभाळणारा माणूस लागतो, त्यामुळे पहिल्या कार्यक्रमाला तो घेऊ नये. इलेक्ट्रॉनिक भागात ठोके नसतील तर कानावर विसंबू नका. स्वरलिपीत मिनिट-सेकंद लिहा (‘२:१४, खालचा फा’ असं) आणि स्टँडवर घड्याळ ठेवा.

श्वासाचं गणितही ट्रॅकवरच ठरतं. खालच्या पट्टीत जोरात वाजवताना हवा काही सेकंदांत संपते. पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करून ट्रॅकसोबत दोनदा वाजवा; दोन्ही वेळा त्याच ओळीत दम तुटला तर ती रचना सोडा. समकालीन रचनांपैकी बऱ्याच एफ किंवा ई-फ्लॅट ट्युबासाठी लिहिलेल्या असतात. बी-फ्लॅट ट्युबावर त्यांचे वरचे सूर ओठ लवकर थकवतात.

सोलापुरात सगळ्यात जास्त घात होतो तो उन्हामुळे. ट्रॅक साधारणपणे ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झला धरून बांधलेला असतो, हवा मात्र बदलते. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. नळीतली हवा तापली की सूर चढतो, आणि एवढ्या मोठ्या वाद्यातली सगळी हवा नुसत्या फुंकरीने एकसारखी राहत नाही. अर्धा तास आधी रंगमंचावर दिवे आणि पंखे चालू ठेवून ट्युनरवर लांब सूर धरा. सूर २० सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा, अर्ध्या स्वराचा, शंभरावा भाग) चढला असेल तर साडेपाच मीटर नळीच्या बी-फ्लॅट ट्युबाची मुख्य स्लाईड (सरकवता येणारी नळी) ३ सेंटिमीटरच्या आसपास बाहेर ओढावी लागते. वॉल्व्हच्या (बोटांनी दाबायच्या कळांच्या) स्लाईड विसरू नका. पहिल्या वॉल्व्हची साधारण ४ मिलिमीटर. नुसती मुख्य स्लाईड ओढली तर मोकळे सूर जुळतात आणि दाबलेले चढेच राहतात. मेमध्ये केलेली खूण जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत, उपयोगी पडत नाही. एसी हॉलमध्ये तर उलटाच त्रास: ट्रॅकमध्ये तुमची लांब विश्रांती आली की वाद्य गार पडतं आणि पुढचा सूर उतरलेला लागतो. विश्रांतीत आवाज न करता नळीत ऊन श्वास सोडत राहा.

आता यंत्रांकडे. क्लिक (लय दाखवणारे ठोके, फक्त वादकासाठी) डाव्या आणि संगीत उजव्या चॅनेलवर ठेवलेली स्टीरिओ फाईल थेट मिक्सरला जोडली की प्रेक्षकांनाही क्लिक ऐकू येते. डावा चॅनेल फक्त इअरफोनला द्या. संगीत स्टीरिओच हवं असेल तर चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर देणारी पेटी) लागेल. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा पोचतो. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने, त्याचं माप) फाईल चुकीच्या सेटिंगमुळे ४८ ला वाजली तर जवळपास दीड सेमीटोन वर आणि जलद जाते. स्लाईड कितीही ओढा, सूर लागत नाही, आणि दोष वाजवणाऱ्याच्या माथी येतो. फोनवरून वाजवणार असाल तर एअरप्लेन मोड.

ट्युबाचं तोंड वर, स्पीकरचं समोर. त्यामुळे साथ पुढून येते आणि ट्युबा छताकडून, दोन्ही एकजीव होत नाहीत. स्पीकर रंगमंचाच्या कडेला न लावता वादकाच्या दोन्ही बाजूंना, जरा मागे ठेवा. साथीच्या आवाजाची पातळी शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला ठरवू द्या. भरलेला हॉल आवाज शोषतो, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये साथ किंचित जास्त वाटली तरी चालेल.

वीज जाणं गृहीत धरा. लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर यूपीएसवर हवेत. लॅपटॉपची बॅटरी एकटी पुरत नाही. तीच फाईल दुसऱ्या फोनवर, केबल लावून तयार असू द्या. आणि साथीशिवायची एक रचना हाताशी ठेवा: पेंदेरेत्स्की यांची ‘कॅप्रिचिओ’ (१९८०) किंवा पर्सिकेटी यांची ‘सेरेनेड क्र. १२’ (१९६१). दोन्ही एकट्या ट्युबासाठीच लिहिलेल्या आहेत, दिवे येईपर्यंत त्यातली एक वाजवता येते.