सारंगखेड्याच्या बाजाराआधी घोड्यांच्या जठरव्रणाकडे लक्ष द्यावे

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तापीकाठच्या त्या बाजारासाठी खानदेशातील घोडेवाले कितीतरी आधीपासून जनावर तयार करू लागतात. अंगावर तकाकी यावी म्हणून हरभऱ्याची चंदी म्हणजे दाण्याचा खुराक वाढवला जातो, पोट सुटलेले दिसू नये म्हणून चारा तोडला जातो, आणि जठरातील व्रणांना (अल्सरला) बहुधा येथूनच सुरुवात होते.

घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, मग त्याने खाल्लेले असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. मोकळ्या रानात घोडा दिवसातले सोळा-सोळा तास चरतो, त्यामुळे त्याचे भागते. खुंट्याला बांधून दोन वेळा तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी, तोंडाला लावलेल्या घोड्याचे जठर रात्री कितीतरी तास रिते राहते. जठराच्या वरच्या भागातील अस्तर आम्लापुढे उघडे असते, आणि उपाशी घोडा नाचवला किंवा पळवला की खालचे आम्ल उसळून नेमके तेथेच लागते.

खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडा कान मागे टाकून चावायला धावतो, तोबऱ्यातली निम्मी चंदी तशीच ठेवतो आणि कडबा मात्र ओढत राहतो. व्रणांची ही लक्षणे खोड समजून चाबूक उचलणारे मी बरेच पाहिले आहेत. खरारा करूनही केस निस्तेज राहत असतील, शिंगरू दात खात असेल किंवा लाळ गाळत असेल, तर पशुवैद्यकाला दाखवावे. व्रणांची खात्री दुर्बिणीच्या तपासणीनेच होते.

३०० किलोच्या घोड्याला रोज किमान साडेचार किलो कोरडा चारा हवा, आणि दोन चाऱ्यांमध्ये सहा तासांपेक्षा अधिक खंड पडू नये. निव्वळ गव्हाच्या भुशावर भागवू नये; त्यात लसूणघास (लुसर्न) मिसळावा, कारण त्यातील कॅल्शियम व प्रथिने आम्ल शमवतात. चंदी थोडी थोडी करून तीन-चार वेळा द्यावी. खोगीर चढवण्याआधी अर्धा तास मूठ-दोन मूठ लसूणघास चारावा, आणि गाडीतून नेताना चाऱ्याची जाळी तोंडासमोर टांगावी.

लंगडणाऱ्या घोड्याला दुकानातून आणलेले फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक आपल्या मनाने देऊ नये, त्यानेही जठर सोलवटते. ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत, सकाळी चाऱ्याआधी द्यावे. हा उपचार साधारणतः चार आठवडे चालतो, त्यामुळे यात्रेच्या आठवड्यात सुरू केलेले औषध बाजारापर्यंत फारसे कामाला येत नाही.