चॅट्सवर्थच्या पार्कात मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन कसं फिरावं

इंग्लंडमध्ये डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थला आपल्यातले बरेच जण जातात ते असे: गाडी थेट घराच्या दारात, तिकीट काढून आतली चित्रं, बाहेर येऊन आईस्क्रीम, परत. डेव्हनशरच्या ड्यूकचं हे भलंमोठं घर बघायला माझी हरकत नाही. पण घराभोवतीचं हजारेक एकरांचं पार्क फुकट आहे, बारा महिने उघडं आहे आणि पोरांच्या पायांना तेच हवं असतं. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे फिरवून आणलंय. सासूबाईंना तर तीनदा. त्यातून जे शिकले ते लिहिते.

सुरुवात बॅझलो गावातून करा. गावात पैसे भरून गाडी लावायची सोय आहे, स्वच्छतागृह आहे, आणि शेफिल्डहून बेकवेलकडे जाणारी बसही तिथे थांबते. घराशेजारच्या पार्किंगला जास्त पैसे मोजून चालायचं कमी करण्यात काय मिळतं, ते मला अजून कळलेलं नाही. गाव संपलं की पार्कात शिरायला गोल फिरणारं फाटक आहे. त्यातून चाकाची खुर्चीही जाते, म्हणजे बाबागाडीचं टेन्शन नको.

तिथून घरापर्यंत सव्वा-दीड मैल, जवळपास सपाट. रमतगमत पाऊण तास धरा. मेंढ्या भेटतील, त्यांच्या लेंड्या त्याहून जास्त भेटतील. घराच्या अलीकडे नदीजवळ उंच दगडी चौथरा दिसतो, त्याला क्वीन मेरीज बॉवर म्हणतात. स्कॉटलंडची राणी मेरी इथे नजरकैदेत होती, एवढं सांगितलं की सात वर्षांच्या वरची मुलं दहा मिनिटं गुंततात. आणि हे मोकळं कुरण, मधूनच उभी झाडं, वळण घेत जाणारी डर्वेंट नदी, हे सगळं आपसूक झालंय असं समजू नका. १७६०च्या दशकात चौथ्या ड्यूकने केपेबिलिटी ब्राऊन या बागा-पार्क आखणाऱ्याला बोलावून ते मुद्दाम असं ‘नैसर्गिक’ करून घेतलं.

हरणं दिसली तर निदान पन्नास मीटर लांब राहा. ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात, तेव्हा तर फोटोसाठी मुलांना पुढे ढकलणाऱ्या बापांना माझा हात जोडून नमस्कार. जूनमध्ये गवतात एकटं पाडस दिसलं तर ते हरवलेलं नसतं. हात लावू नका.

आता हंटिंग टॉवर. कुटुंबाची सहल बहुतेक इथेच फसते.

घराच्या मागच्या टेकडीवर, स्टँड वूडच्या झाडीत, चार गोल बुरूज असलेली उंच गढी आहे. चॅट्सवर्थचं पहिलं घर बांधणाऱ्या बेस ऑफ हार्डविक या जबरदस्त बाईसाठी १५८०च्या दशकात ती बांधली. खालून ती इतकी जवळ दिसते की मुलं लगेच ‘तिकडे जाऊ या’ म्हणतात. वर जायला दोन रस्ते आहेत: झाडीतून जाणाऱ्या उभ्या दगडी पायऱ्या, नाहीतर वळणं घेत चढणारा डांबरी रस्ता. ‘फॅमिली वॉक’ म्हणून जी माहिती फिरत असते, तिच्यात पायऱ्यांनी चढा आणि तशाच उतरा असं बिनधास्त लिहिलेलं असतं. हे लिहिणाऱ्यांनी ओल्या पानांवरून कुणाचे गुडघे सांभाळत उतरून बघितलेलं नसावं.

मी बघितलंय. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे ज्या दिवशी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि अंधार लवकर पडतो त्याच दिवशी, बाबांना आणि दोन वर्षांच्या लेकाला घेऊन आम्ही वर गेलो. चढताना बाबा खूश होते. सिंहगड आठवतोय म्हणाले. उतरायला निघालो तोवर चार वाजले होते, लेक खांद्यावर झोपला होता, दगडांवर बीचच्या पानांचा ओला थर होता आणि धरायला काही नव्हतं. बाबा एका बाजूला वळून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होते. वीस मिनिटांच्या उताराला आम्हाला तासभर लागला. खाली आलो तेव्हा झाडीत पूर्ण अंधार होता. बाबा काही बोलले नाहीत, पण पुढचे चार दिवस जिना चढताना कठड्याला धरत होते. तेव्हापासून या टेकडीबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

पायऱ्या चढायला वापरा, उतरायला कधीच नाही. चढताना दम लागतो, तो बसला की जातो. उतरताना गुडघा गेला की सहल संपली. डांबरी रस्ता लांबचा आहे, कंटाळवाणा आहे, तरी उतरायचं त्यानेच. बाबागाडी असेल तर जाताना-येताना दोन्ही वेळा रस्ताच. ‘गाडी उचलून नेऊ’ म्हणणारा नवरा अर्ध्यावर गाडी ठेवतो आणि मूल तुमच्याकडे देतो. आजोबांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांनाही रस्त्यानेच न्या, नाहीतर खाली चहा पीत बसू द्या. त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नाही, वाटतो तो आपल्यालाच.

दुसरी गोष्ट, चढ आधी करा. घराजवळ मुलांसाठी फार्मयार्ड आहे, त्याला वेगळं तिकीट आहे. एकदा मूल तिथल्या खेळांत शिरलं की टॉवर विसरा.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. खालून दिसणारा टॉवर झाडीत शिरल्याबरोबर गायब होतो आणि अगदी वर पोचेपर्यंत दिसत नाही. मुलांचं रडणं नेमकं तिथे सुरू होतं, कारण जायचं कुठे ते समोर नसतं. तेव्हा ‘आलंच आता’ म्हणू नका, दुसऱ्यांदा ते चालत नाही. मी आधीच सांगून ठेवते, ‘आता तो लपणार आहे, शेवटी एकदम समोर येईल.’ आणि अर्ध्या वाटेवर केळं काढते. केळ्याचीही गोष्ट आहे. इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्सटन याने १८३०च्या दशकात काचघरात केळीचं झाड वाढवलं, ड्यूकच्या घराण्यावरून त्या जातीला कॅव्हेंडिश नाव पडलं. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन त्याच गटातल्या. एवढं ऐकून मूल आणखी शंभर पावलं तरी चालतं.

वर गेल्यावर तोफा आहेत, खाली दरीभर दृश्य आहे. आत जाता येत नाही, ती इमारत सुट्टीसाठी भाड्याने देतात. सिंहगडासारखं पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही वगैरे वर काही मिळत नाही. पाणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या खालूनच न्या. टेकडीच्या माथ्यावर एम्परर लेक आहे. बागेतलं प्रचंड कारंजं या तळ्याच्या पाण्यावर, पंपाशिवाय उडतं. गच्चीवरची टाकी आणि खालचा नळ, तेच तत्त्व. रशियाचा झार येणार म्हणून १८४४ साली पॅक्सटनने ते घाईघाईत बांधलं आणि झार आलाच नाही.

टॉवर नको असेल तर पूल ओलांडून एडेन्सरला जा. उच्चार ‘एन्सर’. घरापासून कुरणातून वीसेक मिनिटं, फक्त पार्कामधला मोटाररस्ता ओलांडताना मुलांचे हात धरा. जुन्या गावाचा बराच भाग सहाव्या ड्यूकने १८३८ नंतर हलवून नव्याने बांधला, म्हणून तिथे एक घर दुसऱ्यासारखं नाही. चर्चच्या आवारात पॅक्सटनची कबर आहे आणि केनेडींच्या बहिणीचीही. १९६३च्या जूनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी बहिणीची कबर बघायला आले होते. माझ्या सासूबाईंना टॉवरपेक्षा हे गाव आवडलं आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

टॉवर आणि एडेन्सर एकाच दिवशी मात्र करू नका. दहा वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर अजिबात नाही. बॅझलोला परतीचं चालणं अजून बाकी आहे हे सगळे विसरतात. बसने आला असाल तर शेवटची बस किती वाजता आहे ते सकाळीच बघून ठेवा, आणि नोव्हेंबरात दुपारी तीनला परत वळा. गाडीच्या डिकीत एक जुनी चादर आणि सगळ्यांचे कोरडे मोजे असू द्यात. चिखलाचे बूट फाटकाबाहेरच काढून घ्या, मेंढ्यांचा वास सीटला आठवडाभर राहतो.