लहान मुलाला घेऊन परदेशातल्या जुन्या मित्राकडे जाताना या चुका टाळा

वसतिगृहात चार वर्षे माझ्यासोबत एका खोलीत राहिलेला मित्र नोकरीनिमित्त जर्मनीतल्या म्युनिकला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्याकडे जाण्याचा बेत आम्ही बरीच वर्षे पुढे ढकलत होतो. अखेर गेलो ते जून महिन्यात, पुण्याहून १२ दिवसांसाठी, आणि तेव्हा आमची मुलगी दोन वर्षांची व्हायला आठवडाभर बाकी होता. त्या प्रवासात आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक भिडेपोटी झाल्या. इतक्या जवळच्या माणसाला बारीकसारीक गोष्टी विचारणे आम्हांला परकेपणाचे वाटले, आणि घरात काय सोय आहे, काय नाही, हे आधी सांगणे त्यालाही अवघड वाटले. मूल बरोबर असताना ही भीड दोन्ही घरांना महागात पडते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तिकीट आणि व्हिसा

दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर घेऊन प्रवास करता येतो आणि त्याचे भाडे साधारणपणे मोठ्या माणसाच्या भाड्याच्या एक दशांश असते. मात्र वय मोजले जाते ते प्रत्येक उड्डाणाच्या तारखेला. मुलाचा दुसरा वाढदिवस परदेशात येणार असेल, तर परतीच्या प्रवासात त्याला स्वतंत्र आसन आणि त्याचे भाडे लागते. आमचे तिकीट काढून देणाऱ्याने दोन्ही बाजूंचे तिकीट मांडीवरच्या बाळाचे काढले होते. निघण्याच्या थोडेच दिवस आधी हे लक्षात आले आणि ऐन वेळेचे चढे भाडे भरावे लागले. विमानातल्या पाळण्याच्या भरवशावर राहणे ही याच्याच जोडीची चूक आहे, कारण त्याला वजनाची आणि लांबीची मर्यादा असते आणि दीड वर्षाचे मूल त्यात बहुधा मावत नाही.

जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. त्यासाठी ६ वर्षांखालच्या मुलांना व्हिसाशुल्क नाही आणि १२ वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. त्यामुळे मुलाचा अर्ज किरकोळ आहे असा समज होतो. प्रत्यक्षात त्यावर आई-वडील दोघांच्याही सह्या लागतात, आणि एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतिपत्र लागते. ते संमतिपत्र आणि जन्मदाखला व्हिसा मिळाल्यानंतरही प्रवासात जवळ ठेवावा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा लागतो. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे थोरल्या भावंडाचा पासपोर्ट नकळत संपत आलेला असण्याची शक्यता फार. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. मित्र तुमच्या खर्चाची हमी घेणार असेल, तर त्याला तिथल्या कार्यालयात आधी वेळ ठरवून अधिकृत हमीपत्र काढावे लागते, म्हणून त्याला शेवटच्या महिन्यात सांगणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

सामानातला खाऊ

मित्रासाठी पेढे, त्याच्या बायकोसाठी घरचे तूप, मुलीसाठी पनीर आणि जून म्हणून हापूसची एक पेटी, अशी आमची यादी होती. यांतले काहीही नेता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, आणि आंबे किंवा ताजा कढीपत्ता न्यायचा तर वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. बाळाच्या दुधाची भुकटी आणि बाळाचे तयार अन्न यांना सवलत आहे, पण माणशी २ किलोपर्यंत, कंपनीच्या मूळ बंद वेष्टणात आणि उघडण्यापूर्वी शीतकपाटाची गरज नसलेलेच. मेतकूट आणि दूध न घातलेले नाचणी सत्त्व यांवर आमच्या मुलीचे दोन्ही वेळचे जेवण निभावले. तुपाची चिंता तर करूच नये, कारण तिथले बिनमिठाचे लोणी कढवले की उत्तम तूप होते.

मुलाचे घड्याळ आणि मित्राचे घड्याळ

सर्वांत मोठी चूक इथे झाली. उन्हाळ्यात भारत आणि जर्मनी यांच्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार तासांचा. साडेतीन तास म्हणजे फार नव्हेत, असे मोठ्या माणसाला वाटते. पण पुण्यात सकाळी ७ वाजता उठणारे मूल म्युनिकमध्ये पहाटे साडेतीनला उठते आणि रात्री ९ वाजता झोपणारे मूल संध्याकाळी साडेपाचलाच डोळे चोळू लागते. मित्र कामावरून घरी येतो ती नेमकी हीच वेळ. पहिले तीन दिवस त्याने हौसेने टेबल मांडले, बायकोने स्वयंपाक केला, आणि आमच्यापैकी एकजण आतल्या खोलीत रडणाऱ्या मुलीला थोपटत राहिला. पहाटे मात्र ती लाकडी फरशीवर पळत होती आणि खालच्या मजल्यावर लोक झोपलेले होते, कारण तिथे रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळण्याची रीत काटेकोर आहे. त्यातच जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी झोपलेले मूल तासाभराने उठून दिवस आहे असेच समजते.

यावर उपाय आहेत, पण ते मित्राशी निघण्याआधी बोलून ठरवावे लागतात. शक्य असेल तर शुक्रवारी पोहोचावे, म्हणजे मित्राची सुट्टी आणि मुलाची जागी असण्याची वेळ जुळते. पहिले तीन-चार दिवस भेटीची वेळ सकाळची ठेवावी, एकत्र न्याहारी करावी, आणि दुपारनंतर मुलाला उघड्यावर, उजेडात खेळवून रोज थोडे थोडे उशिरा झोपवावे. जाड पायमोजे बरोबर न्यावेत आणि झोपेच्या खोलीला गडद पडदे आहेत का, हे न लाजता विचारावे. चौथ्या दिवसापासून आम्ही पाळी लावली. एका संध्याकाळी मी मित्राबरोबर बाहेर जायचो, दुसऱ्या संध्याकाळी पत्नी जायची, आणि उरलेला मुलीजवळ थांबायचा. ज्या गप्पांसाठी इतका प्रवास केला होता, त्या तेव्हा कुठे नीट झाल्या.

मूल नसलेले घर

ज्या घरात लहान मूल नाही, तिथे धोका कशात आहे हे यजमानाला दिसतच नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्युनिकच्या त्या घरात डिशवॉशरमध्ये घालायच्या साबणाच्या रंगीत गोळ्या ओट्याखालच्या उघड्या कप्प्यात होत्या. त्या गोळीऔषधासारख्या नव्हे, तर थेट चॉकलेटसारख्या दिसतात आणि तोंडात गेल्यास तोंड व अन्ननलिका भाजते. काचेची सपाट शेगडी बंद केल्यानंतरही बराच वेळ तापलेली राहते. बाल्कनीच्या कठड्याजवळ ठेवलेली खुर्ची ही मुलासाठी शिडीच असते. पोहोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात, चहाच्याही आधी, यजमानाला बरोबर घेऊन गुडघ्यांवर बसून घर पाहावे. आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिले, तोवर मुलीच्या हातात एक गोळी आलेली होती.

न्हाणीघराचेही आधीच विचारावे. तिथे फरशीला बहुधा पाणी जायला जाळी नसते, त्यामुळे बादली-मग घेऊन बसलेल्या मुलाच्या अंघोळीने शेजारच्या खोलीपर्यंत पाणी जाऊ शकते. टबमध्ये किंवा शॉवरच्या कोपऱ्यातच न्हाऊ घालावे.

विमानतळावर मित्र गाडी घेऊन येणार असेल, तर मुलाचे आसन कोण आणणार हे ठरवून ठेवावे. जर्मनीत १२ वर्षे किंवा १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलाला योग्य आसनाशिवाय गाडीत बसवता येत नाही, आणि दंड गाडी चालवणाऱ्याला, म्हणजे मित्राला होतो. आसन मिळत नसेल तर विमानतळावरून शहरात जाणाऱ्या लोकल गाड्या सोयीच्या आहेत, आणि ६ वर्षांखालच्या मुलाला त्यांत तिकीट लागत नाही.

आजारपण

गोवराच्या लसीनंतर काही मुलांना ७ ते १२ दिवसांनी ताप येतो, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी लस उरकून घेतली तर ताप परक्या घरात येऊ शकतो. तारीख डॉक्टरांशी बोलून पुरेशी आधी ठरवावी. तापाचे औषध ओळखीचेच न्यावे, आणि मुलाच्या वजनानुसार मात्रा मिलीलिटरमध्ये डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. पॅरासिटामॉलच्या ५ मिलीलिटरमध्ये कुठे १२०, तर कुठे २५० मिलीग्रॅम औषध असते, त्यामुळे तिथे घेतलेल्या नव्या बाटलीला जुना चमचा लावणे धोक्याचे आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि दवाखाने बंद असताना डॉक्टरांसाठी ११६११७ हे क्रमांक फोनमध्ये ठेवावेत. रविवारी दुकाने बंद असतात, दूध आणि डायपर शनिवारीच आणावेत.

हिंडणे आणि जिव्हाळा

नॉयश्वानस्टाइनचा किल्ला पाहिलाच पाहिजे, असे आम्ही ठरवून गेलो होतो. जायला सुमारे दोन तास, पुढे चढण, आत पायऱ्या, आणि बाबागाडी आत नेता येत नाही. मुलगी दमली, मित्राची एक रजा गेली. त्यापेक्षा इंग्लिश गार्डनच्या हिरवळीवर घालवलेली दुपार सगळ्यांना अधिक लाभली, कारण मूल समोर खेळत असताना मोठ्यांना सलग बोलता आले.

मुलगी मित्राकडे जायला तयार नव्हती, आणि आम्ही ‘काकाला पापा दे’ म्हणत तिला पुढे ढकलत राहिलो. त्याने ती अधिकच बिथरली आणि मित्राचा चेहरा पडला. दोन वर्षांच्या मुलाला अनोळखी माणसाची भीती वाटणे स्वाभाविक आहे. निघण्याआधी महिनाभर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याचा चेहरा आणि आवाज ओळखीचा करून द्यायला हवा होता. शेवटी सहाव्या दिवशी मित्र फरशीवर बसून एकटाच ठोकळे रचू लागला, तेव्हा ती आपणहून त्याच्या शेजारी जाऊन बसली.