शंभर टक्के जुळलं, आणि तिथेच घोळ झाला

उत्तर इंग्लंडच्या जंगलात व्होल पकडायचे (हा आखूड शेपटीचा, उंदराचा भाऊबंद), त्यांचं रक्त घ्यायचं आणि गोचिडांमार्फत आलेले जिवाणू जनुकांवरून ओळखायचे, हे माझं पीएचडीचं काम. पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणं), सिक्वेन्सिंग (त्याची अक्षरं वाचणं) तुम्हाला येतं असं धरून चालतो. सापळेही जमतात. लाँगवर्थ सापळ्यात गवत आणि ओट्स घाला, पण माशीचे कोश विसरू नका. चिचुंद्री अडकली तर ओट्सवर तिचं भागत नाही, सकाळपर्यंत उपाशी मरते.

मी फसलो ते प्रयोगशाळेत, खुर्चीत बसून. व्होलच्या रक्तात अ‍ॅनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम हा गोचिडांमार्फत पसरणारा जिवाणू सापडला. १६एस जनुकाचा जेमतेम ३४५ अक्षरांचा तुकडा ब्लास्टमध्ये (जगभरच्या नोंदींशी जुळवून बघणाऱ्या शोधसाधनात) टाकला. पहिल्याच ओळीत १०० टक्के, आणि ती नोंद माणसाच्या रक्तातली! मी पोस्टरवर ठोकून दिलं: माणसाला आजारी पाडणारा स्ट्रेन (जिवाणूचा उपप्रकार) व्होलमध्ये. परिषदेत एका बाईंनी पोस्टर वाचून एवढंच विचारलं, “ग्रोईएल केलंत का?” ग्रोईएल म्हणजे याच जिवाणूचं दुसरं जनुक, आतले गट वेगळे दाखवणारं. केलं नव्हतं.

१६एस पूर्ण असतं सुमारे १५०० अक्षरांचं. रायबोसोमचा डोलारा त्यावर उभा, त्यामुळे त्यात बदल फार सावकाश साठतात. एवढ्याशा तुकड्यावरून प्रजातीचा अंदाज येतो, आतले गट कळत नाहीत. रो हरणातला, व्होलमधला, माणसातला तुकडा अक्षरश: सारखा निघू शकतो. मग ब्लास्टमध्ये पन्नास नोंदी बरोबरीत येतात, आणि त्यातली पहिली ही फक्त वर छापलेली असते. मी खाली स्क्रोलच केलं नव्हतं. १०० टक्के म्हणजे ‘मी पाठवलेल्या तुकड्यात फरक नाही’, ‘जिवाणू तोच आहे’ नव्हे. पुन्हा सांगतो: तुकड्यात. आणि २००१ च्या आधीच्या नोंदींत हाच जिवाणू एर्लिकिया फॅगोसायटोफिला किंवा एर्लिकिया इक्वी या नावांनी दिसेल. तो नवा शोध नाही, नाचू नका.

ग्रोईएलवरून २०१४ मध्ये युरोपातले नमुने चार इकोटाइपमध्ये, म्हणजे यजमान प्राण्यांशी जुळणाऱ्या गटांत, मांडले गेले. पहिल्यात यजमान सर्वांत जास्त, माणूसही त्यातच. दुसरा मुख्यतः रो हरणांचा, तिसरा कुरतडणाऱ्या प्राण्यांचा, चौथा पक्ष्यांचा. माझे व्होल सगळे तिसऱ्यात निघाले. नीट वाचलं असतं तर आधीच शंका आली असती. उत्तर इंग्लंडमधल्याच किल्डर जंगलात एकाच ठिकाणी दोन वेगळी चक्रं असल्याचं २००९ मध्येच मांडलेलं होतं: हरणांचं एक, व्होलचं दुसरं. व्होलवरची इक्सोडिस ट्रायँग्युलिसेप्स ही गोचीड अळीपासून प्रौढापर्यंत छोट्या प्राण्यांवर आणि त्यांच्या बिळांतच राहते, माणसाला क्वचितच गाठते. इक्सोडिस रिसिनस मात्र आपल्यालाही चावते. माझं पोस्टर उगाच घाबरवत होतं.

सिनिअरकडून आयती मिळालेली प्रायमरची (पीसीआरमध्ये कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणाऱ्या छोट्या डीएनएंची) यादी डोळे मिटून वापरू नका. एका बटणात वंशावळीचं झाड काढून देणाऱ्या वेबसाइटींवर माझा राग आहे. फांद्या सुंदर दिसतात, बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची, याचा शंभरपैकी आकडा) ४० असला तरी. आणि माझ्या मते खरे गुरू गाईड नसतात, प्रयोगशाळेतले टेक्निशियन असतात. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये (नमुना न घातलेल्या नळीत) डीएनएची पट्टी आली की गाईड ‘पुन्हा करा’ म्हणतात. टेक्निशियन कुठली बाटली बिघडली ते सांगतात.

पोस्टर चुकलं म्हणून पीएचडी बुडत नाही, माझी चालू आहे. सध्या अकरा नमुन्यांच्या क्रोमॅटोग्रामवर (सिक्वेन्सिंगच्या आलेखावर) एकाच जागी दोन-दोन शिखरं दिसताहेत, म्हणजे बहुधा एका व्होलमध्ये दोन स्ट्रेन. यांची ग्रोईएल आणि एमएसपी४ ही दोन जनुकं एकमेकांना जोडली, तर कुठेच नसलेला तिसरा स्ट्रेन तयार होईल. ते मी फ्रीझरमध्ये वेगळ्या डब्यात ठेवलेत, क्लोनिंग करून दोन्ही स्ट्रेन वेगळे करेपर्यंत झाडात घेणार नाही.