पावसाळ्यासाठी बोट वर काढताय? स्टर्नड्राइव्हच्या या चुका टाळा

यूट्यूबवर स्टर्नड्राइव्ह बंद कशी ठेवायची म्हणून बघायला गेलं की पहिल्यांदा समोर येतं ते गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून इंजिनात भरायचं द्रव. तिकडं बर्फ पडतो, इंजिनाच्या ब्लॉकात राहिलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि बीड तडकतं, म्हणून ते लोक हिवाळ्याला घाबरतात आणि त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दव गोठलं तर पेपरात फोटो येतो, तेवढाच आपला बर्फ. कोयनेच्या शिवसागरात, म्हणजे तापोळा, बामणोली ह्या पट्ट्यात बोट बंद राहते ती पावसात. जूनपासून पुढं तीन-चार महिने, वासोटा किल्लाही तेव्हा बंद, धंदा बंद, आणि वरून जो पाऊस कोसळतो तो तुम्हाला माहितीच आहे. म्हणजे तिकडचा हिवाळा तो आपला पावसाळा. पण कामं तीच आणि चुका पण जवळजवळ त्याच, फक्त कारणं वेगळी.

आधी एक सांगतो, आपल्या धरणावर बहुतेक बोटी आउटबोर्डवाल्या (सगळं इंजिनच मागं बाहेर टांगलेलं), स्टर्नड्राइव्ह थोड्या. ज्या आहेत त्या बऱ्याचदा मुंबईकडून सेकंडहँड आलेल्या. इंजिन बोटीच्या आत आणि लेग, म्हणजे गिअर आणि प्रॉपेलर असलेला पाय, मागच्या फळीच्या बाहेर, अशी स्टर्नड्राइव्हची रचना, १९५९ साली व्होल्वो पेंटानं बाजारात आणली, मग मर्क्रुझर आलं. मी मूळचा ट्रॅक्टर-टेम्पोचा मेकॅनिक, दाजींनी अशी एक बोट घेतली आणि मी त्यात ओढला गेलो, त्यामुळं खालच्यातल्या निम्म्या चुका माझ्या स्वतःच्या हातानं झालेल्या आहेत.

गिअर ऑइल "दिवाळीत बघू" म्हणून ठेवणं

ही सगळ्यात महागडी चूक. सीझन संपला, बोट चांगली चालत होती, मग ऑइल कशाला बदला, असं वाटतं. पण लेगचं सील थोडंसं जरी गेलं असलं तर ऑइलात पाणी शिरलेलं असतं, आणि बोट रोज चालते तोवर ते घुसळून फिरत राहतं, काही कळत नाही. एकदा उभी केली की पाणी जड म्हणून खाली बसतं आणि चार महिने खालच्या बेअरिंगला, गिअरला गंज धरतो. ऑक्टोबरात तुम्ही स्टार्ट करता तेव्हा काम झालेलं असतं.

म्हणून ऑइल मे महिन्यातच काढायचं. लेग सरळ उभा खाली, खालचा स्क्रू काढायचा आणि वरचा व्हेंटचा पण, नाहीतर तासभर थेंब थेंब बघत बसाल. निघणारं ऑइल डब्यात धरा आणि बघा. चहासारखं, दुधाळ दिसलं तर पाणी आहे. खालच्या स्क्रूच्या मॅग्नेटला काळी मऊ पेस्ट असली तर चालतं, पण बोटाला टोचणारे कण आले तर लेग उघडावाच लागणार, त्यात पळवाट नाही. दुधाळ निघालं आणि तुम्ही नुसतं नवीन भरून ठेवलं तर काय उपयोग, पाणी जिथून आलं तिथून परत येणार. आधी सील शोधायचं, हवेच्या प्रेशरनं लेग टेस्ट करून घ्यायचा.

आता भरण्याची गोष्ट. आपण सगळे वरून ओतायला शिकलोय. इथं उलटं आहे, पंपानं खालच्या भोकातून भरायचं, वरच्या व्हेंटमधून बुडबुडे न येता सलग ऑइल आलं की मग आधी वरचा स्क्रू लावायचा आणि नंतर पंप काढून पटकन खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते, वाटतं भरलं पण वरचे गिअर कोरडे. आणि दोन्ही स्क्रूचे वॉशर नवीन टाका हो, दहा-वीस रुपयांचा वॉशर वाचवून लेग घालवू नका. ज्यांच्या इंजिनापाशी गिअर ऑइलची छोटी बाटली आहे त्यांनी तिची लेव्हल पण बघायची, ती सारखी खाली जात असेल तर ऑइल कुठंतरी जातंय.

आणि दुकानात जाऊन "९० नंबर द्या" म्हणू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं, कारण गॅरेजमध्ये ड्रम होताच. गाडीचं ९० नंबर गाडीसाठी ठीक, पण मरीन गिअर ऑइलात थोडं पाणी शिरलं तरी गंजापासून सांभाळणारे घटक असतात, ते साध्या ऑइलात तितके नसतात.

लेग वर उचलून ठेवणं

दिसायला भारी दिसतं, काठावर लेग वर केलेली बोट. ट्रेलरवर ओढताना वरच पाहिजे, नाहीतर घाटात रस्त्याला घासेल. पण एकदा जागेवर उभी केली की लेग पूर्ण खाली सोडायचा. कारण ते रबरी बेलो, म्हणजे इंजिन आणि लेगच्या मध्ये जो हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा पाईप असतो तो. लेग वर असला की तो एका बाजूला ताणलेला आणि दुसऱ्या बाजूला दाबलेला राहतो, चार महिने तसाच राहिला की रबराला तीच घडी बसते आणि तिथंच चीर पडते. शिवाय लेग खाली असला की आतलं पाणी आपोआप गळून जातं, ट्रिमचे (लेग वर-खाली करणारे) रॉड पण आत राहतात, पावसात उघडे पडून गंजत नाहीत.

बेलो बघायचा मात्र लेग वर करूनच, कारण घड्या तेव्हाच उघडतात. टॉर्च घेऊन घडीच्या तळाशी बघा, वरून चकचकीत दिसतो आणि आत चिरलेला असतो. युनिव्हर्सल जॉइंटवरचा बेलो फाटला तर दोन गोष्टी होतात, एक म्हणजे जॉइंट आणि गिंबल बेअरिंग (इंजिनाकडून लेगला जाणारा शाफ्ट ज्यात फिरतो ते) पाण्यात बसतं, आणि दुसरं म्हणजे उतरल्यावर बोट मागून भरायला लागते, सरळ बुडू शकते. शिफ्ट केबलच्या छोट्या बेलोचं पण तसंच, त्याकडं तर कोणी बघतच नाही. एक्झॉस्टचा फाटला तर बोट बुडत नाही, पण लेग उतरवायचाच आहे तर सगळे बेलो एकदम बदला. लेग उतरवायचा असेल आणि मर्क्रुझरचा अल्फा असेल तर फॉरवर्ड गिअरमध्ये टाकूनच काढायचा, न्यूट्रलमध्ये ओढाताण केली की काहीतरी मोडतं.

उंदरांचं सांगायचं राहिलं. शेडमध्ये शेजारी भाताची पोती असतील तर उंदीर बेलो पण कुरतडतात आणि वायरिंग पण. आणि कुंभारीण माशी! लेगच्या भोकात, टाकीच्या व्हेंटमध्ये मातीचं घरटं करून ठेवते आणि आपण ऑक्टोबरात डोकं खाजवत बसतो. भोकात कापडाचा बोळा घाला, पण त्याला लाल चिंधी बांधून ती बाहेर लोंबती ठेवा, नाहीतर बोळ्यासकट स्टार्ट माराल.

पंखा न काढणं

प्रॉपेलर म्हणजे आपल्या भाषेत पंखा. कोयनेत मासेमारीची जाळी असतात, तुटलेला तंगूस पाण्यात तरंगत असतो, तो पंख्यामागं शाफ्टला गुंडाळतो आणि हळूहळू सील कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ऑइलात पाणी कुठून आलं ह्याचं उत्तर बऱ्याचदा इथंच सापडतं. दरवर्षी पंखा काढा, तंगूस ब्लेडनं कापून काढा, स्प्लाइनला ग्रीस लावून परत बसवा. स्टिअरिंगच्या पिव्होटला आणि गिंबल बेअरिंगला ग्रीस निपल असेल तर तिथं पण गन मारा.

काठावर ठेवणं, आणि ड्रेन प्लग विसरणं

मे अखेरीला पाणी इतकं खाली गेलेलं असतं की वाटतं इथं कुठं येतंय पाणी. धरण भरलं की पातळी २१६३ फुटांच्या आसपास जाते, तुमची मेमधली गवताची जागा जुलैत पाण्याखाली असू शकते. गेल्या वर्षी पाण्याची खूण कुठं होती ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्याच्या वर ठेवा.

आणि मागच्या फळीचा ड्रेन प्लग काढून ठेवायचा, बोटीचं नाक थोडं वर करायचं. ताडपत्री टाकली म्हणून निवांत राहू नका. आमच्या ताडपत्रीत खळगा पडला, पाणी साचलं, फाटली, आणि प्लग लावलेलाच होता, म्हणजे बोट उलट्या अर्थानं तरंगायला लागली, पाणी आत आणि स्टार्टर पाण्यात. स्टार्टर गेला तो गेलाच. काढलेला प्लग स्टिअरिंगला दोरीनं बांधा म्हणजे उतरवताना विसरणार नाही. ताडपत्रीखाली मधोमध बांबू टाकून उतार करा, दोन्ही टोकं हवेला उघडी ठेवा, गच्च गुंडाळली की आत बुरशी.

इंजिनाकडचं

इंजिन ऑइल आणि फिल्टर आधी बदलायचं, गरम करून. जुन्या ऑइलात आम्ल आणि ओलावा असतो, ते बेअरिंगवर चार महिने बसवून नंतर नवीन टाकण्यात अर्थ नाही.

आपल्याकडं गोठत नाही म्हणून ब्लॉकातलं पाणी काढायचं नाही, हे पण चूक. पाण्यासोबत तांबडा गाळ येतो, तो खाली बसून घट्ट होतो. आधी लेगला फ्लशिंग मफ (पाणी ओढायच्या भोकांवर बसणारे, नळी जोडायचे रबरी कप) लावून स्वच्छ पाण्यानं धुवा. पाणी आधी चालू, मग इंजिन, तेही आयडलला. पाण्याशिवाय "एक मिनिट फक्त बघतो" केलं की पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पाकळ्यांचं चाक) जळतो. मग ब्लॉकचा ड्रेन प्लग काढा आणि पाणी आलं नाही तर रिकामं आहे असं समजू नका, भोक गाळानं बुजलेलं असतं, तारेनं खुपसा.

पेट्रोल आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) मिळतं. त्यातलं इथेनॉल ओलावा ओढतं, पाणी जास्त झालं की दोन थर होतात, खालचा थर थेट इंजिनात. अर्धी टाकी सगळ्यात वाईट. जवळजवळ भरून, थोडी जागा सोडून, स्टॅबिलायझर टाका आणि १० मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते लाइनीत पोचतं.

बॅटरी घरी आणा, महिन्याला चार्ज करा. काढताना आधी निगेटिव्ह. झालं.

अॅनोडचं (लेगऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला धातूचा तुकडा) थोडं सविस्तर, कारण सेकंडहँड बोटींत इथं हमखास घोळ असतो. बोट मुंबईच्या खाऱ्या पाण्यातली, तिला झिंकचे अॅनोड. कोयनेच्या गोड्या पाण्यात झिंक नीट काम करत नाही, वर थर धरून गप्प बसतं आणि मग झिजतो तो लेग स्वतःच, कारण तो अॅल्युमिनियमचा. गोड्या पाण्याला मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियम टाका. अॅनोडवर रंग मारायचा नाही, पेंटर पोरगं उत्साहात मारतं, लक्ष ठेवा. आणि तांब्याचा अँटीफाउलिंग (शेवाळ धरू नये म्हणून मारायचा) रंग लेगला तर कधीच नाही.

ऑक्टोबरात उतरवताना काही वाजलं तर

स्टिअरिंग वळवलं की घुर्र घुर्र आवाज वाढतो, सरळ केलं की कमी होतो, तर गिंबल बेअरिंग. वळणावर टकटक येत असेल तर युनिव्हर्सल जॉइंट. दोन्ही वेळेला बऱ्याचदा पाणी बेलोतूनच आलेलं असतं, त्यामुळं नुसतं बेअरिंग बदलून गप्प बसू नका, आणि लेग परत बसवताना इंजिनाचं अलाइनमेंट बार घालून बघा. टेंपरेचर चढलं तर आधी इम्पेलर, तो एका जागी बसून पाकळ्या वाकड्या झालेल्या असतात, मी तर दर दोन वर्षांनी न बघता बदलतो. लेग वर येत नसेल तर ट्रिम पंपाचं ऑइल कमी. गिअर जड पडतोय तर केबल गंजली, जोर लावू नका.

पेट्रोल इंजिन असेल तर चावी फिरवायच्या आधी ब्लोअर ४ मिनिटं चालवा, आत साचलेला पेट्रोलचा वास बाहेर जाऊ दे. पहिल्या दिवशी पर्यटक घेऊ नका. काठाकाठानं फेरी मारा, अर्ध्या तासानं मागची फळी आतून हातानं चाचपा, ओल लागली तर परत फिरा. आणि वल्ही सोबत असू द्या, दाजी हसले होते मला, मग त्यांनीच वल्हवली.