मातीतले जीव मोजायला निघालात? आधी थर्माकोलचा डबा घ्या

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला 'सागवन, पऱ्हाटीचं वावर आणि पडीक गवत यांतले मातीतले जीव' असा विषय मिळाला की पोरं खूश होतात. माती काय, कुठेही आहे! खणा, बर्लीज फनेलमध्ये टाका, अल्कोहोलमध्ये पडलेले कोलेम्बोला (टुणकन उडणारे बारीक बिनपंखी जीव) नि माइट (कोळ्याच्या गोतातले बारीक जीव) मोजा.

थांबा जरा. इटलीचे कीटकशास्त्रज्ञ बर्लीज यांनी 1905 साली हे नसराळं बनवलं, स्वीडनच्या टुलग्रेन यांनी 1918 मध्ये त्यावर बल्ब बसवला. वरून माती सुकते, जीव ओलाव्याकडे खाली सरकतो आणि जाळीतून बाटलीत पडतो. म्हणजे तो स्वतःच्या पायांनी खाली आला पाहिजे. मेलेला येत नाही. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता बघा. कॉलेजमागच्या वावरातली माती दहा मिनिटांत लॅबमध्ये. जंगलातली मात्र ऑक्टोबरच्या उन्हात, पॉलिथिनमध्ये बांधून, गाडीच्या डिकीत दीड-दोन तास. बाटलीत जंगलाचे जीव कमी निघतात आणि आपण ऐटीत लिहितो, 'सागाच्या पानांत टॅनिन, म्हणून संख्या कमी.' गाइडही मान डोलावतात. जीव तर वाटेतच उकडून मेलेले असतात! माझा पहिला तक्ता असाच होता. सावली, थर्माकोलचा डबा, आणि सगळ्या जागांच्या मातीला प्रवासाचा वेळ सारखाच. जवळची मातीही तेवढाच वेळ डब्यात ठेवा.

काळी माती उलट बाजूने फसवते. झटकन तापवली तर विटेसारखी आवळते, जीव आतच अडकतात आणि वावर उगाच गरीब दिसतं. गाभा, म्हणजे जमिनीतून अखंड काढलेला मातीचा गोळा, न फोडता फनेलमध्ये उलटा ठेवा, वरची बाजू खाली. उष्णता हळूहळू वाढवा. एलईडी लावू नका, तो उजेड देतो, ऊब देत नाही. फनेलमधून काढलेली थोडी माती मिठाच्या घट्ट पाण्यात ढवळा आणि काय तरंगतं ते पाहा. बरेच जीव तरंगले तर ते फनेलमधून खाली आलेच नाहीत; तसं प्रबंधात लिहा, लपवू नका.

एकाच सागवनातले दहा नमुने म्हणजे मोजणीत एकच सागवन. सागवनाचे वेगवेगळे तुकडे शोधा.

फोटोवरून नाव सांगणाऱ्या अ‍ॅपवर माझा काडीचा विश्वास नाही. गणापर्यंत (ऑर्डरपर्यंत) नीट ओळखलंत तरी पुष्कळ झालं. आणि धुऱ्यावर गाडीतून न उतरणारा गाइड मिळाला तर लॅब असिस्टंट काकांना धरा, फनेल त्यांना जास्त कळतं.

मे महिन्यात बाटली रिकामी आली तर रडू नका. भेगाळलेल्या मातीत वरच्या थरात फारसं कुणी राहत नाही. पाऊस लागला की संख्या चढते. शून्यही तक्त्यात जातं. वाणी (मिलिपीड), हुमणी, गांडूळ मात्र फनेलने मोजू नका. त्यांच्यासाठी 25 बाय 25 सेंटीमीटरचा, 30 सेंटीमीटर खोल चौकोन खणून हाताने वेचायचं. शेतमालक 'काय खोदून रायला रे बाबू?' म्हणत येतीलच. त्यांना विचारा, वाणी कुठल्या कोपऱ्यात जास्त ते त्यांना माहीत असतं.

वनविभागाच्या परवानगीचा अर्ज उन्हाळ्यातच टाका. पाऊस पडल्यावर टाकलात तर कागद हातात येईस्तोवर तूर निघालेली असते.