क्रोम बॉलने पॅनोरमा काढताय? या चुका टाळा

सेटवर आरशासारखा क्रोमचा गोळा ठेवून त्याचे फोटो काढायचे, ते उलगडून चहूबाजूंचा पॅनोरमा करायचा आणि त्यावरून सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या वस्तूंना सेटचाच उजेड आणि प्रतिबिंबं द्यायची, असं हे काम. चकचकीत गोळ्यात अख्खा सेट दिसतो, मग एक क्लिक मारली की काम झालं, असं नव्या पोरांना वाटतं. निस्तरायला व्हीएफएक्सवाले (व्हिज्युअल इफेक्ट्स करणारे) आहेतच!

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे एक फोटो समोरून आणि दुसरा बरोबर पाठीमागून. एका भांड्यांच्या जाहिरातीत असिस्टंटने हेच केलं. फोटो काढणारा गोळ्याच्या मधोमध दिसतो. त्याला पुसायचं तर त्या दिशेचं चित्र दुसऱ्या फोटोतून घ्यावं लागतं, आणि १८० अंशांवरून काढलेल्या फोटोत नेमकी तीच दिशा कडेला चिरडलेली असते. गोळ्याच्या व्यासाच्या साधारण ७१ टक्के आतल्या वर्तुळात समोरचा अर्धा परिसर मावतो. मागचा अर्धा उरलेल्या कड्यात कोंबलेला असतो आणि थेट गोळ्यामागचं तर दिसतच नाही. शेवटी सीजी स्टीलच्या डब्याच्या पोटावर आमचे चिरंजीव ट्रायपॉडसकट उभे! क्लायंट म्हणाला, "हा कोण?" ती रात्र त्याला पुसण्यात गेली. दुसऱ्या फोटोसाठी ९० अंशच फिरा.

फोनने हातभर अंतरावरून काढू नका. मी २०० एमएमची लेन्स लावतो आणि भिंत लागेपर्यंत मागे सरकतो.

ऑटोफोकस बंद. तो गोळ्यावरचे ओरखडे पकडतो. प्रतिबिंब असतं पृष्ठभागाच्या आत, त्रिज्येच्या निम्म्यावर. लेन्सचं छिद्र लहान, एफ/११ ठेवलं की बरंचसं निभावतं.

आता एक्स्पोजर. ग्राफिक्स संशोधक पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ मध्ये सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत ही पद्धत मांडली ती एचडीआरच्या, म्हणजे कमी-जास्त एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम एकत्र जोडण्याच्या जोरावर. तरी लोक एकच जेपीईजी आणून देतात. त्यात खिडकीही पांढरी आणि ट्यूबलाइटही पांढरी, मग कुठला उजेड किती हे सॉफ्टवेअरने ओळखायचं कसं? सावल्या मेंगळट येतात आणि बोलणी लायटिंगवाला खातो. सगळ्यात काळ्या फ्रेममध्येही दिवा पांढराफटक दिसत असेल, तर अजून खाली जा. व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली). क्रोम सगळा प्रकाश परत देत नाही, म्हणून शेजारी ग्रे कार्ड (तुलनेसाठीचा ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा) धरून एक फ्रेम काढाच.

नाताळच्या झाडाचा गोळा चालत नाही. तो गोल नसतो.

क्रॉप अंदाजाने करू नका. कडेबाहेरचे चार पिक्सेल आत आले, तर पॅनोरमा उलगडल्यावर त्यांचाच पट्टा होतो. मी ४०० टक्के झूम करून चारही बाजू तपासतो. "ऑटो क्रॉप आहे ना" म्हणणाऱ्याला तो पट्टा पुसायला बसवतो.